झोपेच्या औषधांचा हिशेब: रात्रीचा आणि सकाळचा

निद्रानाश जुना असेल, म्हणजे आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तोही तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ, तर गोळीच्या आधी वर्तनोपचार, म्हणजे झोपेच्या सवयी बदलण्याचे औषधाविना उपचार, करून पाहावेत, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शक सूचना २०१६ पासून सांगतात. युरोपातल्या सूचनाही २०१७ पासून हेच सांगू लागल्या. प्रत्यक्षात मात्र बहुतेकांच्या हातात आधी गोळीच पडते. असं का होतं हे समजून घ्यायचं तर औषधांची नावं पाठ करून उपयोग नाही. 'हे औषध चांगलं' असं प्रत्येक काळात कशावरून ठरवलं गेलं, ते पाहावं लागतं. सुरुवातीला माणूस झोपला की औषध चांगलं ठरायचं. पुढे जास्त गोळ्या घेऊनही माणूस वाचला की चांगलं ठरायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा उठतो, हा प्रश्न औषध नियामकांनी गांभीर्याने विचारायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. आयुर्वेदाने निद्रेला आहाराच्या बरोबरीने शरीराच्या तीन उपस्तंभांत बसवलं होतं. अफू आणि मद्य हे गुंगीचे मार्ग जगभर माहीत होते. मद्याचा दोषही जुनाच आहे. झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती वारंवार मोडते. पूर्वीची माणसं रात्री सलग झोपत नसत, मध्ये तासभर जागी होऊन पुन्हा झोपत, असं युरोपातल्या जुन्या दस्तऐवजांच्या आधारे या शतकाच्या सुरुवातीला मांडलं गेलं आणि ते फार लोकप्रिय झालं. मध्यरात्री जाग येणाऱ्या अनेकांना त्या मांडणीने धीर दिला. पण २०१५ मध्ये टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया इथल्या, विजेशिवाय राहणाऱ्या तीन समाजांच्या झोपेची मोजणी प्रसिद्ध झाली. त्यात दोन तुकड्यांची झोप नेमाने आढळली नाही, आणि झोपेची सरासरीही ५.७ ते ७.१ तासांच्या दरम्यानच निघाली. थोडक्यात, पूर्वी सगळे आठ तास गाढ झोपत होते आणि आधुनिक जगण्याने ती झोप हिरावली, हे गृहीतक वाटतं तितकं पक्कं नाही. ज्यांना 'आपल्याला आठ तास झोप येत नाही' याचीच चिंता जागं ठेवते, त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

प्रयोगशाळेत बनवलेल्या झोपेच्या औषधांचा काळ सुरू होतो तो १८६९ मध्ये. १८३२ मध्येच तयार झालेल्या क्लोरल हायड्रेटचा झोपेसाठी उपयोग त्या वर्षी बर्लिनमध्ये दाखवला गेला. त्याच सुमाराला अपस्मारासाठी आलेले ब्रोमाइडचे क्षारही झोपेसाठी सर्रास वापरात आले. ब्रोमाइड शरीरातून निम्मं बाहेर पडायलाच सुमारे बारा दिवस लागतात. रोज रात्री घेणाऱ्याच्या अंगात ते साचत जाई, आणि काही आठवड्यांनी गोंधळलेपण, विस्मरण, अंगावर पुरळ अशी लक्षणं दिसू लागत. सकाळचा प्रश्न तेव्हाही समोर होता, पण तो 'ब्रोमाइडची विषबाधा' या वेगळ्या नावाखाली नोंदवला जाई. झोपेच्या उपायाचं मूल्यमापन करताना तो मोजला जात नसे.

१९०३ मध्ये पहिलं बार्बिट्युरेट आलं आणि पुढची साधारण पन्नास वर्षं याच कुटुंबाची होती. झोप लागायची यात शंका नाही. पण सवय लवकर व्हायची, डोस वाढवावा लागायचा, आणि झोप आणणारा डोस व श्वास थांबवणारा डोस यांत अंतर फार कमी होतं. मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचं काम बार्बिट्युरेट वाढवतात. पण डोस मोठा झाला की गाबा नसतानाही ते पेशीला शांत करणारी क्लोराइडची वाट स्वतःच उघडतात, म्हणून त्यांच्या परिणामाला वरची मर्यादाच राहत नाही. गोळ्यांच्या बाटलीशेजारी सापडलेले मृतदेह ही त्या काळातल्या वर्तमानपत्रांची नेहमीची बातमी होती, ती यामुळेच.

या भीतीतून सुरक्षिततेचं एक नवं माप जन्माला आलं आणि त्यानेच सर्वांत मोठा घात केला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड झोपेचं आणि शामक औषध म्हणून प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला आलं. त्याची मुख्य जाहिरात हीच होती की ते जास्त घेतलं तरी जीव जात नाही. बार्बिट्युरेटच्या तुलनेत हे खरंही होतं. गर्भावर काय परिणाम होतो ही तपासणी त्या मापात बसतच नव्हती. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं अविकसित हातपाय घेऊन जन्मली होती. औषध बाजारात आणण्याआधी ते परिणामकारक असल्याचा पुरावा द्यावा लागेल, असा कायदा अमेरिकेने १९६२ मध्ये केला, तो या धक्क्यानंतर. आज औषधांच्या चाचण्या ज्या चौकटीत होतात, तिच्या घडणीत झोपेच्या एका गोळीचा एवढा मोठा वाटा आहे.

मेथाक्वालोनची गोष्ट त्याच साच्यातली. १९५१ मध्ये भारतात मलेरियावरच्या औषधाच्या शोधात हे संयुग तयार झालं. पुढे 'बार्बिट्युरेट नसलेली' झोपेची गोळी म्हणून पाश्चात्त्य देशांत ते खपलं, नशेसाठी वापरलं जाऊ लागलं, आणि १९८४ मध्ये अमेरिकेने त्याला वैद्यकीय उपयोग नसलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. आधीच्या औषधाशी केलेल्या तुलनेवर सुरक्षिततेचा दावा उभा करायचा, आणि ती तुलना जे पाहत नाही ते काही वर्षांनी रुग्णांच्या वाट्याला यायचं, असा हा क्रम आहे.

बेन्झोडायझेपिन या गटातली शामक औषधं १९६० पासून आली. ती गाबाचा परिणाम वाढवतात, पण गाबा नसेल तर स्वतः वाट उघडत नाहीत. त्यामुळे एकटी घेतली तर ओव्हरडोसने मृत्यू येण्याचा धोका खूप कमी झाला. ही प्रगती खरी होती आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्या पिढीतल्या झोपेच्या गोळ्या शरीरात फार काळ टिकत. नायट्राझेपामचा अंमल दुसऱ्या दिवसातही रेंगाळे, आणि फ्लुराझेपामपासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक तर कित्येक दिवस उरे. वयस्कर माणसं सकाळी अडखळत, पडत. उपाय म्हणून झटपट उतरणारं ट्रायझोलाम आलं, तर पहाटे जाग येणं, दिवसा चिंता वाढणं आणि स्मृतीत खड्डे पडणं अशा तक्रारी सुरू झाल्या. नेदरलँड्सने १९७९ मध्ये आणि ब्रिटनने १९९१ मध्ये त्याची विक्री थांबवली. अमेरिकेने डोस कमी करून ते चालू ठेवलं. दरम्यान १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये बेन्झोडायझेपिन दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला निघाला. कागदावर तो आजही आहे, आणि वर्षानुवर्षं त्या गोळ्या घेणारी माणसंही आहेत.

एका डोसचा वाद

नव्वदच्या दशकात झोल्पिडेम आणि त्याच्या भाऊबंदांनी, म्हणजे 'झेड' गटाने, बाजार काबीज केला. रासायनिक रचनेने ही बेन्झोडायझेपिन नाहीत. मेंदूत मात्र ती बसतात त्याच ग्राहकावर, म्हणजे पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर, फक्त त्याच्या एका उपप्रकारावर अधिक नेमकी. झोल्पिडेमला अमेरिकेत १९९२ च्या अखेरीस परवानगी मिळाली. नेहमीचा डोस १० मिलिग्रॅम, शरीरातून निम्मं उतरायला साधारण अडीच तास. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी सहाला जवळपास संपलेली असणार, असा हिशेब होता. सरासरीपुरता तो बरोबरही होता.

त्याला तडा गेला तो एका वेगळ्याच उत्पादनामुळे. मध्यरात्री जाग आल्यावर जिभेखाली ठेवायची कमी डोसची झोल्पिडेम गोळी मंजुरीसाठी आली. अशी गोळी रात्री दोन-तीनला घेतली जाणार, त्यामुळे सकाळी गाडी चालवताना अंगात किती औषध उरतं हा प्रश्न टाळता येत नव्हता. गाडी चालवण्याच्या चाचण्या मागवल्या गेल्या. रक्तातली पातळी दर मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या वर असेल तर अपघाताचा धोका वाढण्याइतकं चालवणं बिघडू शकतं, असा निष्कर्ष निघाला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या गोळीला परवानगी मिळाली ती स्त्रियांसाठी १.७५ आणि पुरुषांसाठी ३.५ मिलिग्रॅम अशा वेगळ्या डोसांत, आणि झोपेचे किमान चार तास शिल्लक असले तरच घ्यावी या अटीवर.

मग तोच निकष जुन्या गोळीला लावला गेला. सुमारे २५० स्त्रिया आणि २५० पुरुषांच्या रक्तपातळीच्या नोंदी पाहिल्यावर दिसलं की १० मिलिग्रॅम घेतल्यानंतर आठ तासांनीही सुमारे १५ टक्के स्त्रिया आणि ३ टक्के पुरुष ५० नॅनोग्रॅमच्या वर होते. हळूहळू विरघळणाऱ्या १२.५ मिलिग्रॅमच्या गोळीत हे प्रमाण स्त्रियांत ३३ आणि पुरुषांत २५ टक्के होतं. स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी स्त्रियांसाठी शिफारस केलेला डोस निम्म्यावर आणायला सांगितला: १० चा ५, आणि १२.५ चा ६.२५. पुरुषांसाठीही कमी डोसचा विचार करावा, एवढंच सुचवलं.

'बायकांचा डोस निम्मा' हीच बातमी सगळीकडे पोचली. प्रत्यक्षात बदलला होता तो सुरुवातीचा डोस. ५ मिलिग्रॅमने भागलं नाही तर १० पर्यंत वाढवण्याची मुभा स्त्रियांनाही लेबलवर राहिली. पण मथळा एकदा रुजला की त्याखालचा मजकूर वाचणारे थोडेच असतात. आजही हा निर्णय एका वाक्यात सांगितला जातो आणि त्या वाक्यातून अर्धी माहिती गळालेली असते.

वर्षभराने, २०१४ च्या मार्चमध्ये, युरोपच्या नियामकांनी याच प्रश्नाची फेरतपासणी केली आणि निर्णय वेगळा दिला. दिवसाचा डोस १० मिलिग्रॅमच ठेवला आणि स्त्री-पुरुष असा भेद केला नाही. वृद्धांसाठी आणि यकृताच्या रुग्णांसाठी ५ मिलिग्रॅम आधीपासूनच होते. गोळी घेतल्यावर किमान आठ तास गाडी चालवू नये, एकाच रात्री पुन्हा गोळी घेऊ नये, हे मात्र ठळकपणे बजावलं. त्यांचा युक्तिवाद असा की ५ मिलिग्रॅम सरसकट पुरेसं परिणामकारक असल्याचा पुरावा नाही, आणि डोस कमी केल्याने फायदाच हरवला तर रुग्ण दुसऱ्या, कदाचित वाईट उपायाकडे वळेल. पुढे काही औषधशास्त्रज्ञांनी आणखी एक आक्षेप घेतला. रक्तपातळीतला फरक खरा असला तरी प्रत्यक्ष चालवण्याच्या चाचण्यांत स्त्री आणि पुरुष यांच्यात तसा ठोस फरक दिसत नाही. मग केवळ लिंगावरून डोस ठरवला, तर निद्रानाश ज्यांच्यात अधिक आढळतो त्या स्त्रियांनाच अपुरे उपचार मिळण्याचा धोका आहे.

हे आक्षेप हलके नाहीत. तरीही माझ्या मते २०१३ च्या निर्णयाची दिशा बरोबर होती, आणि त्याची चूक होती ती रेघ चुकीच्या ठिकाणी ओढण्यात. १५ टक्के स्त्रिया मर्यादेच्या वर होत्या, याचा अर्थ ८५ टक्के नव्हत्या. आणि ३ टक्के पुरुष होते. हे औषध घेणाऱ्यांची संख्या कोटींत जाते तेव्हा ३ टक्के ही किरकोळ बाब राहत नाही. सकाळी कोण बधिर राहील हे लिंगाइतकंच वय, यकृताची स्थिती, सोबतची औषधं आणि रात्रीच्या झोपेला मिळालेले तास यांवरही ठरतं. सर्वांनाच ५ पासून सुरू करायला सांगणं अधिक साधं आणि अधिक न्याय्य झालं असतं. शिवाय स्त्रियांच्या रक्तात पातळी जास्त राहते हे काही २०१३ मध्ये प्रथमच कळलं नव्हतं. मधली वीस वर्षं ही माहिती होती, पण तिला वजन नव्हतं, कारण ती ज्या सकाळबद्दल बोलत होती ती सकाळ मापात धरलीच जात नव्हती.

निकष एकदा बदलल्यावर त्याचे परिणाम लगेच दिसले. मे २०१४ मध्ये अमेरिकेत झेड गटातल्याच एस्झोपिक्लोनचा सुरुवातीचा डोस २ वरून १ मिलिग्रॅमवर आला, आणि यावेळी स्त्री-पुरुष सर्वांसाठी. २५ ते ४० वयाच्या ९१ निरोगी लोकांवरच्या अभ्यासात ३ मिलिग्रॅमचा परिणाम गाडी चालवण्यावर अकरा तासांपर्यंत राहिला होता. त्यातल्या अनेकांना आपलं काही बिघडलं आहे हे जाणवतच नव्हतं, ही त्यातली खरी काळजीची गोष्ट. २०१९ मध्ये झेड गटाच्या गोळ्यांवर अमेरिकेत सर्वांत कडक श्रेणीचा इशारा छापला गेला. झोपेत चालणं, गाडी चालवणं, स्वयंपाक करणं अशा प्रकारांतून २६ वर्षांत गंभीर इजेच्या ४६ आणि मृत्यूच्या २० घटना नोंदल्या गेल्या होत्या. गोळ्यांच्या एकूण खपाच्या तुलनेत हा आकडा छोटा आहे. पण असा प्रकार एकदा जरी घडला तरी ती गोळी पुन्हा घेऊ नये, हे वाक्य प्रत्येक घेणाऱ्याला माहीत असायला हवं.

मग रात्रीचा फायदा तरी किती? २०१२ मध्ये अमेरिकेच्या नियामकांकडे सादर झालेल्या, प्रसिद्ध न झालेल्यांसह १३ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात ४,३७८ लोक होते. यंत्राने मोजल्यावर झेड गटाच्या गोळीने प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरासरी २२ मिनिटं लवकर झोप लागली. लोकांना स्वतःला विचारल्यावर हा फरक ७ मिनिटांवर आला. गोळीने मिळणाऱ्या आरामात गोळी घेतल्याच्या विश्वासाचा मोठा भाग असतो. तो आराम खोटा नव्हे, पण गोळी निवडताना हे आकडे समोर असावेत.

प्रिस्क्रिप्शनच्या बाहेरचे उपाय

गोळ्यांच्या भीतीने अनेक जण 'नैसर्गिक' उपायांकडे वळतात. तिथला इतिहासही निर्धोक नाही. ट्रिप्टोफॅन हे झोपेसाठी विकलं जाणारं साधं अमिनो आम्ल. १९८९ मध्ये एका उत्पादकाच्या मालाशी संबंध जोडला गेलेला स्नायू आणि रक्ताचा गंभीर आजार अमेरिकेत पसरला. दीड हजारांहून अधिक लोकांना त्याने गाठलं आणि किमान ३७ जण दगावले.

मेलाटोनिन हे शरीरात रात्री तयार होणारं संप्रेरक १९५८ मध्ये गाईंच्या मेंदूतल्या शीर्षग्रंथींतून वेगळं काढलं गेलं, आणि काढणारे त्वचेच्या रंगाचा अभ्यास करत होते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यामुळे ते खाद्यपूरक म्हणून दुकानांत आलं. युरोपात २००७ मध्ये हळूहळू विरघळणारी २ मिलिग्रॅमची गोळी औषध म्हणून मंजूर झाली, तीही ५५ वर्षांपुढच्यांसाठी. एकच पदार्थ एकीकडे सप्लिमेंट, दुसरीकडे औषध. या गोंधळाची किंमत २०१७ मध्ये कॅनडात दिसली. ३१ उत्पादनं तपासल्यावर त्यांतलं मेलाटोनिन लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघालं, आणि ८ उत्पादनांत सेरोटोनिनही सापडलं. शरीराचं घड्याळ सरकवायचं असेल, म्हणजे कामाची पाळी बदलणं किंवा लांबचा विमानप्रवास, तर मेलाटोनिनचा उपयोग समजण्यासारखा आहे. जुन्या निद्रानाशात त्याचा परिणाम माफकच आहे. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं डायफेनहायड्रामाइन काही दिवसांत बोथट होतं, आणि वृद्धांत ते गोंधळलेपण, लघवी तुंबणं असे त्रास देतं. दुकानात सहज मिळतं म्हणून ते सौम्य ठरत नाही.

जो उपाय मागे पडला

वर्तनोपचारांची कहाणी गोळ्यांच्या बरोबरीनेच चालू होती, पण तिच्यामागे जाहिरातीचं बळ नव्हतं. १९७२ मध्ये एक साधा नियम मांडला गेला: अंथरूण झोपेसाठीच, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, डोळे जड झाले की परत यायचं, आणि सकाळी उठण्याची वेळ रोज एकच. १९८७ मध्ये त्याहून धाडसी पद्धत आली. अंथरुणात नऊ तास लोळून साडेपाचच तास झोप मिळत असेल, तर अंथरुणातला वेळच साडेपाच तासांवर आणायचा. झोप दाट झाली, म्हणजे अंथरुणातल्या वेळाच्या ९० टक्के झोप लागू लागली, की पंधरा-पंधरा मिनिटांनी तो वेळ वाढवायचा. पहिल्या अभ्यासात ३५ रुग्ण होते. ऐकायला उलटं वाटतं, पण जागेपणाचा दाब साठू दिला की झोप आपोआप घट्ट होते, हे त्यामागचं तत्त्व आहे. पहिले दोन-तीन आठवडे दिवसा पेंग वाढते, हे आधीच सांगायला हवं. अपस्मार, द्विध्रुवीय विकार, किंवा अवजड वाहन चालवण्याचं काम असेल तर ही पद्धत डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नये.

१९९९ मध्ये सरासरी ६५ वर्षं वयाच्या ७८ लोकांवर वर्तनोपचार, टेमाझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातली झोपेची गोळी, दोन्ही एकत्र आणि प्लासिबो यांची तुलना झाली. आठ आठवड्यांनंतर तिन्ही खरे उपचार प्लासिबोपेक्षा सरस होते, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचं पारडं किंचित जडही होतं. फरक दिसला तो पुढच्या दोन वर्षांत. वर्तनोपचार घेतलेल्यांची झोप टिकली. गोळी घेतलेल्यांची गोळीबरोबर गेली. म्हणजे रात्र आणि सकाळ यांच्यापुढचं, वर्षांचं माप तेव्हाच हाताशी आलं होतं. मार्गदर्शक सूचनांत ते पहिल्या क्रमांकावर यायला आणखी सतरा वर्षं गेली. शिकलेले उपचारक फार थोडे हे एक कारण होतं. ते अजूनही आहे, म्हणून आता मोबाइलवरून हे उपचार देणाऱ्या प्रणालींना काही देशांत अधिकृत मान्यता मिळू लागली आहे.

गोळ्यांच्या बाजूलाही बदल झाला आहे. १९९८ मध्ये मेंदूला जागं ठेवणारं ओरेक्सिन सापडलं, आणि गुंगी आणण्याऐवजी जागेपणाचा संदेश अडवणारी औषधं त्यातून आली. पहिलं, सुव्होरेक्संट, ऑगस्ट २०१४ मध्ये मंजूर झालं. कंपनीला ४० मिलिग्रॅमपर्यंतचे डोस हवे होते. नियामकांनी सकाळच्या बधिरतेचं कारण देत १० पासून सुरुवात आणि कमाल २० अशी मर्यादा घातली. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या डॅरिडोरेक्संटच्या चाचण्यांत रात्रीच्या मिनिटांबरोबर रुग्णाचा दिवस कसा गेला याची प्रश्नावलीही ठरवून मोजली गेली. ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली, २५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत तो फरक ठोस दिसला नाही. डोस जितका कमी तितकी सकाळ चांगली, हे झोल्पिडेमवरून शिकलेलं समीकरण इथे लागू पडलं नाही. त्या औषधाच्या लेबलवरही दुसऱ्या दिवशी गाडी चालवण्याबाबतचा इशारा आहे, आणि उठायला किमान सात तास बाकी असतील तरच गोळी घ्यावी ही अटही.